क्रुसावरील चौथे अक्षर

आपल्या घरातील क्रुसाकडे आपण रोज पाहतो, परंतु प्रभूच्या मस्तकाच्या वर लावलेल्या लहानशा पाटीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या पाटीवर आय, एन, आर, आय अशी चार अक्षरे असतात. 'येशू', 'नाझरेथकर', 'राजा' आणि 'यहुद्यांचा' या अर्थाच्या चार लातिन शब्दांची ती आद्याक्षरे होत. संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगतो की, ही पाटी पिलाताने लिहविली आणि ती हिब्रू, लातिन व ग्रीक अशा तीन भाषांत होती. मुख्य याजकांना तो मजकूर रुचला नाही. तो बदलावा अशी मागणी त्यांनी केली, पण पिलाताने ती मानली नाही.

या पाटीवरील चौथ्या शब्दाची कथा आम्ही आज सांगणार आहोत. इंग्रजीत 'ज्यूइश' असे एक विशेषण आहे. वर्तमानपत्रांत ते रोज येते आणि कोणी त्याच्याशी थांबत नाही. या विशेषणाचे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा, 'ज्यू', हा मुळात हिब्रू. दुसरा, 'इश', हा अस्सल जर्मानिक कुळातला. या दोन तुकड्यांची गाठ पडण्यापूर्वी पहिला तुकडा हिब्रूतून ग्रीकात, ग्रीकातून लातिनमध्ये, लातिनमधून फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत आला. म्हणजे त्याच्या प्रवासातील पहिली तीन मुक्कामे पिलाताच्या पाटीवरच्याच तीन भाषांची आहेत. शब्दांची कुळे शोधण्याचा छंद हा सहसा निरुपद्रवी समजला जातो. या शब्दाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, कारण ज्या वाटेने तो आला त्या वाटेवर माणसे हद्दपार झाली, जाळली गेली, आणि त्यातील बराच भाग ख्रिस्ती राज्यांत घडला.

मुळापासून सुरुवात करू. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात याकोबाची नावडती पत्नी लेआ हिची हकिगत आहे. तिला एकामागून एक मुलगे होतात. रऊबेन, शिमोन, लेवी या पहिल्या तिघांच्या नावांत तिचे दुःख आणि नवऱ्याचे मन आपल्याकडे वळेल ही आशा गुंफलेली आहे. चौथ्या मुलाच्या वेळी मात्र ती नवऱ्याचे नावही काढत नाही. आता आपण परमेश्वराची स्तुती करू, असे म्हणून ती त्याचे नाव यहूदा ठेवते. हिब्रूत स्तुती करणे, उपकार मानणे या अर्थाचा जो धातू आहे त्याच्याशी हे नाव पवित्र शास्त्राने जोडले आहे. आजच्या हिब्रूत आभार मानताना 'तोदा' म्हणतात, तो शब्दही त्याच धातूचा. हिब्रू लिपीत यहूदा हे नाव पाच अक्षरांनी लिहितात. त्यातील 'द' काढला तर जी चार अक्षरे उरतात तीच परमेश्वराच्या अनुच्चारित नावाची चार अक्षरे होत. या 'द'ची आठवण वाचकांनी ठेवावी, पुढे ती लागेल.

यहूदा हे आधी एका माणसाचे, मग एका वंशाचे नाव झाले. शलमोनाच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ९३०च्या सुमारास, राज्य दुभंगले तेव्हा दक्षिणेकडील राज्याला ते नाव मिळाले. उत्तरेकडील इस्राएलचे राज्य इ. स. पूर्व ७२२मध्ये अश्शूरी लोकांनी बुडविले आणि तेथील दहा वंश इतिहासात विरून गेले. दक्षिणेचे राज्यही पुढे बाबेलच्या हाती पडले, पण बंदिवासात त्याच्या लोकांची ओळख टिकली. इराणी साम्राज्यात यरुशलेमभोवतीच्या प्रांताला 'येहूद' म्हणत. त्या काळच्या चिमुकल्या चांदीच्या नाण्यांवर ते नाव कोरलेले सापडते. या राज्याचा, या प्रांताचा माणूस तो 'येहुदी'.

शब्द वंशाच्या कुंपणाबाहेर कसा पडला हे एस्तेरच्या पुस्तकात एका ओळीत दिसते. तेथे मर्दखयाची ओळख करून देताना त्याला 'यहुदी पुरुष' म्हटले आहे आणि लगेच पुढे त्याचा वंश बन्यामिनाचा असल्याचे सांगितले आहे. बन्यामिनाच्या वंशातला माणूस यहुदी कसा? कारण तोवर 'यहुदी' म्हणजे यहूदाच्या रक्ताचा असा अर्थ राहिला नव्हता. एका देवाला भजणारा, त्या धर्मशास्त्राने बांधलेला, कोठेही राहणारा माणूस असा अर्थ झाला होता.

ग्रीकांनी 'येहुदी'चा 'इउदायोस' केला. या ग्रीक शब्दापासून धर्माचे नाव तयार झाले, 'इउदाइस्मोस'. हे नाव आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांत प्रथम आढळते ते मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हे पुस्तक नसते, आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. गंमत अशी की, स्वतः यहुदी लोकांच्या हिब्रू शास्त्रसंग्रहातही ते नाही. त्यांच्या धर्माच्या नावाचा सर्वांत जुना पुरावा आपल्या कपाटात जपून ठेवलेला आहे.

संत पौल या नावाचे मूळ जाणून होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो खरा यहुदी कोण हे सांगतो आणि अशा माणसाची स्तुती माणसांकडून नव्हे तर देवाकडून होते असे म्हणतो. ग्रीकमध्ये वाचताना 'यहुदी' आणि 'स्तुती' यांचा संबंध कानाला जाणवत नाही. हिब्रू जाणणाऱ्याला तो लगेच जाणवतो. पौलाने येथे लेआच्या मुलाच्या नावावर श्लेष साधला आहे असे अनेक भाष्यकार मानतात, आणि आम्हालाही ते पटते. गमलिएलच्या पायाशी शिकलेल्या माणसाला हा श्लेष नकळत सुचला असेल, हे संभवत नाही.

याच मुळाची आणखी काही फळे आपल्या धर्मग्रामांतून घरोघरी आहेत. मुलीचे नाव ज्युडिथ ठेवताना किती आईवडिलांना ठाऊक असते की, त्या नावाचा अर्थच 'यहुदी स्त्री' असा आहे? असाध्य कामांचा कैवारी म्हणून ज्याची नोव्हेना चालते तो संत ज्यूड आणि प्रभूला धरून देणारा ज्यूडस, यांची नावे ग्रीक शास्त्रात अक्षरशः एकच आहेत. दोघांत गल्लत होऊ नये म्हणून इंग्रजी भाषांतरकारांनी त्यांना दोन रूपे दिली. पण ही सवलत यहुदी समाजाला कोणी दिली नाही. लातिनमध्ये 'यूदास' आणि 'यूदेउस' हे शब्द कानाला इतके जवळचे की, मध्ययुगातील प्रवचनकारांना एका विश्वासघातक्याच्या नावाने सगळ्या समाजाला ओळखणे सोपे गेले. बारा प्रेषित यहुदी होते, पवित्र मरिया यहुदी होती, खुद्द प्रभू यहुदी होता, हे तेव्हा विसरले गेले. व्युत्पत्ती नीट ठाऊक नसली की, नुसत्या नादसाम्यावर केवढा अन्याय उभा राहतो याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

लातिन 'यूदेउस' फ्रेंच लोकांच्या तोंडी पडला तेव्हा दोन गोष्टी झाल्या. आरंभीच्या 'य'चा 'ज' झाला आणि दोन स्वरांमधला 'द' गळाला. लातिनमधील असे मधले 'द' जुन्या फ्रेंचमध्ये सर्रास गळतात. तो त्या भाषेचा नियमच आहे. उरले ते 'ज्यू'सारखे एक लहानसे रूप. इ. स. १०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, त्याच्यामागोमाग फ्रान्समधील रुआँ शहरातून यहुदी कुटुंबे तेथे गेली आणि त्यांच्यासाठी वापरायचा फ्रेंच शब्दही गेला. यहूदाच्या नावातील 'द' गळाल्यावर हिब्रूत देवाचे नाव उरते, असे आम्ही वर म्हटले. फ्रेंचांनी नेमका तोच 'द' गाळला. यातून कोणी गूढ अर्थ काढू नये, उच्चाराच्या नियमांना धर्मशास्त्र कळत नाही. तरी योगायोग मोठा सुंदर आहे.

आता शब्दाच्या शेपटाकडे वळू. 'इश' हा प्रत्यय सर्व जर्मानिक भाषांत आहे. जर्मनमध्येही तो 'इश' आहे, डेन्मार्कच्या भाषेत 'इस्क'. त्याचे मूळ काम लोकांच्या नावापासून विशेषण बनविणे हे होते. इंग्लिश, डॅनिश, आयरिश, स्कॉटिश ही सारी त्याचीच लेकरे. आपण मराठीत 'ई' लावून जपानी, बंगाली, कोकणी म्हणतो तसेच हे. पण या प्रत्ययाला पुढे दुसरी सवय लागली. सामान्य नामाला तो लागला की त्यात थोडा तिरस्कार डोकावू लागला. चाइल्डिश म्हणजे पोरकट, फूलिश म्हणजे मूर्खपणाचा, सेल्फिश म्हणजे आपमतलबी. रंगाला लागला की तो आपल्या 'सर' प्रत्ययाचे काम करतो. यलोइश म्हणजे पिवळसर. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांना आपल्या 'बालिश' शब्दातही हाच इंग्रजी 'इश' दिसत असे. तो केवळ आवाजाचा योग आहे, बालिश हा शब्द संस्कृतातला आहे.

'ज्यूइश' हे विशेषण यांपैकी पहिल्या पंगतीत बसणारे आहे, इंग्लिश आणि आयरिश यांच्या शेजारी. त्यात मुळात कसलीही निंदा नाही. परंतु ते केव्हा तयार झाले हे पाहिले म्हणजे मन थबकते.

अँग्लो-सॅक्सन काळातील इंग्रजीत 'युदेइश' असे एक विशेषण होते. त्यातही तोच हिब्रू गाभा आणि तोच जर्मानिक प्रत्यय. त्या काळी इंग्लंडात यहुदी वस्ती असल्याचा पुरावा मिळत नाही. मठांत शुभवर्तमानांचे भाषांतर करणाऱ्यांना तो शब्द हवा होता, म्हणून त्यांनी तो घडविला. त्यांनी यहुदी माणूस पाहिलेला नव्हता, केवळ वाचलेला होता. पुढे ते रूप मागे पडले आणि फ्रेंचमधून आलेल्या 'ज्यू'ला 'इश' जोडून आजचे 'ज्यूइश' प्रचारात आले ते सोळाव्या शतकात, इ. स. १५४०च्या पुढेमागे. त्याही वेळी इंग्लंडात उघडपणे राहणारा यहुदी कोणी नव्हता, कारण पहिल्या एडवर्ड राजाने इ. स. १२९०मध्ये सगळ्यांना देशाबाहेर काढले होते आणि क्रॉमवेलच्या अमदानीत, इ. स. १६५६मध्ये, त्यांना परत राहू देण्यात आले. इंग्रजीने हे विशेषण दोनदा घडविले आणि दोन्ही वेळा ज्यांच्यासाठी घडविले ती माणसे समोर नव्हती.

मधल्या सव्वादोनशे वर्षांत, जेव्हा ती माणसे होती, तेव्हा काय झाले तेही सांगितले पाहिजे. नॉरिच शहरात इ. स. ११४४मध्ये विल्यम नावाचा एक मुलगा मेलेला सापडला आणि त्याला यहुद्यांनी धर्मविधीसाठी मारले अशी आवई उठली. युरोपभर पसरलेल्या या खोट्या आरोपाची ही सुरुवात मानली जाते. यॉर्क शहरात इ. स. ११९०च्या मार्च महिन्यात जमावाच्या भीतीने किल्ल्यात आसरा घेतलेली सुमारे १५० माणसे मेली. अनेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मरण पत्करले. इ. स. १२१५च्या चौथ्या लॅटरन विश्वपरिषदेने यहुद्यांनी वेगळा पोशाख करावा असा नियम केला आणि तीनच वर्षांनी इंग्लंडच्या राजाने त्यांच्या छातीवर पांढऱ्या कापडाचे बिल्ले लावले. लिंकन शहरात इ. स. १२५५मध्ये ह्यू नावाच्या मुलाच्या मृत्यूवरून पुन्हा तोच आरोप झाला, आणि तेथील कॅथीड्रलमध्ये त्या मुलाची समाधी भक्तिस्थान बनली. त्या समाधीपाशी १९५५मध्ये अँग्लिकन चर्चने ती कथा खोटी असल्याचे सांगणारी पाटी लावली. सातशे वर्षे लागली.

माणसे गेली तरी शब्द राहिला, आणि तो रिकामा राहिला नाही. चॉसरने आपल्या कँटरबरीच्या यात्रेकरूंपैकी एका मठवासिनीच्या तोंडी खुनी यहुद्यांची गोष्ट घातली, तेव्हा हद्दपारीला जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. शेक्सपिअरने शायलॉक उभा केला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. प्रत्यक्ष शेजारी असता तर त्याच्या घरची चूल, त्याच्या मुलांची आजारपणे, त्याचे सण, असे काही तरी शब्दाला चिकटले असते. शेजारी नसताना शब्दाला अफवा चिकटतात. 'ज्यू' हे नाम पुढे इंग्रजीत शिवीसारखे आणि घासाघीस करणे या अर्थाचे क्रियापदही होऊन बसले. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने तो अर्थ नोंदविला म्हणून मँचेस्टरच्या एका यहुदी व्यापाऱ्याने न्यायालयात दाद मागितली होती. १९७३मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला. कोशकारांचे म्हणणे असे की, लोक जे बोलतात ते नोंदविणे आमचे काम. भाषेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. त्या व्यापाऱ्याची तळमळही आम्हाला बरोबरच वाटते.

याचा एक चमत्कारिक परिणाम असा झाला की, सभ्य इंग्रजी बोलणारे नाम टाळून विशेषणाच्या आश्रयाला गेले. 'ज्यू' म्हणण्याऐवजी 'ज्यूइश माणूस' म्हणणे अधिक सौम्य वाटू लागले. एकोणिसाव्या शतकात तर त्याहून पुढे जाऊन 'हिब्रू' म्हणत. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे १८७५मध्ये निघालेल्या रब्बींच्या विद्यालयाचे नाव हिब्रू युनियन कॉलेज असे आहे. फ्रेंच लोक 'इस्राएलीत' म्हणत. आपल्या स्तुतिवाचक नावाची लाज वाटावी अशी वेळ एखाद्या समाजावर दुसऱ्यांनी आणावी, यातच सारे आले.

हिब्रू गाभा आणि जर्मानिक प्रत्यय यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडली, आणि तेथे ती स्वतः यहुद्यांनी बांधली. ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स, माइन्त्स या गावांत त्यांच्या जुन्या वसाहती होत्या. पहिल्या क्रुसेडच्या लाटेत, १०९६मध्ये, त्या लुटल्या गेल्या, रक्तात न्हाल्या. तरी माणसे तेथे राहिली आणि जर्मन बोलू लागली. घरात जर्मन, ग्रंथांत हिब्रू, लिपी हिब्रू, अशी एक नवीन भाषा तयार झाली. वर्म्स येथील सणांच्या प्रार्थनांच्या एका हस्तलिखितात, १२७२मध्ये, एका मोठ्या अक्षराच्या पोकळीत कोणी तरी त्या भाषेत एक छोटे आशीर्वचन लिहून ठेवले. त्या भाषेतील हे सर्वांत जुने सापडलेले वाक्य. या भाषेचे नाव यिडिश. जर्मनांनी फ्रेंचांसारखा 'द' गाळला नव्हता, म्हणून 'यिडिश'मध्ये तो टिकला. नीट पाहिले तर 'ज्यूइश' आणि 'यिडिश' हे दोन्ही शब्द म्हणजे एकच शब्द आहे. गाभा एक, प्रत्यय एक, अर्थही एक. फ्रान्सच्या वाटेने आला तो ज्यूइश, जर्मनीच्या वाटेने आला तो यिडिश, आणि एकोणिसाव्या शतकात दोघांची इंग्रजीत भेट झाली तेव्हा चुलतभावांनी एकमेकांना ओळखले नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिडिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख यहुद्यांपैकी बहुसंख्यांची ती मातृभाषा होती. छातीवर शिवलेल्या पिवळ्या ताऱ्यावर जर्मनीत 'यूदे' हा शब्द लिहिलेला असे. लेआने आनंदाने उच्चारलेल्या नावाचेच ते जर्मन रूप.

हे सारे घडत असताना आपल्या उपासनेत तो शब्द कसा उच्चारला जात होता? आज ऐंशीच्या घरात असलेल्या आमच्या वाचकांनी बालपणी गुड फ्रायडेची लातिन उपासना ऐकली असेल. त्यातील प्रार्थनामालेत यहुद्यांसाठीही प्रार्थना असे, आणि त्यांच्या नावामागे 'पेर्फिदिस' असे विशेषण लावलेले असे. चर्चच्या जुन्या लातिनमध्ये त्याचा अर्थ 'विश्वास न ठेवणारे' एवढाच होता असे पंडित सांगत. पण फ्रेंच, इंग्रजी, इटालियन या भाषांत तोच शब्द 'दगलबाज' या अर्थाने रुळला होता आणि सामान्य माणसाच्या कानावर तोच अर्थ पडत असे. शिवाय प्रत्येक प्रार्थनेला लोक गुडघे टेकीत, या एका प्रार्थनेला मात्र टेकायचे नाहीत असा नियम होता. रोमने १९४८मध्ये, त्या शब्दाचे भाषांतर सौम्य करण्यास हरकत नाही असे कळविले. परमगुरू बारावे पायस यांनी केलेल्या पवित्र सप्ताहाच्या सुधारणेमुळे १९५६पासून या प्रार्थनेलाही गुडघे टेकणे सुरू झाले. आणि १९५९च्या गुड फ्रायडेला परमगुरू तेविसावे जॉन यांनी ते विशेषण सरळ काढून टाकले.

पुढच्याच वर्षी, १३ जून १९६० रोजी, फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक त्यांना भेटले. इझाक तेव्हा ऐंशी पार केलेले होते. त्यांची पत्नी आणि कन्या नाझींच्या छळछावणीत मारल्या गेल्या होत्या. ख्रिस्ती शिकवणुकीत यहुद्यांविषयी जो तुच्छतेचा सूर शिरला त्याचा अभ्यास त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात केला होता आणि तो त्यांनी परमगुरूंपुढे मांडला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केले. प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट लादता येत नाही, असे त्याच्या चौथ्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे. परमगुरू दुसरे जॉन पॉल १३ एप्रिल १९८६ रोजी रोममधील सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यांनी यहुद्यांचा उल्लेख थोरले बंधू असा केला. याकोबाच्या घरातील भावाभावांचे तंटे ज्यांनी वाचले आहेत त्यांना या शब्दाचे वजन कळेल.

अनुवादाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानात 'इउदायोस' हा शब्द सुमारे ७० वेळा येतो. कोठे त्याचा अर्थ यहूदिया प्रांतातील लोक असा आहे, कोठे यरुशलेममधील अधिकारी, कोठे सबंध समाज. मराठी भाषांतरात बहुतेक ठिकाणी 'यहुदी' एवढेच येते. उपासनेत ते वाचताना ऐकणाऱ्याच्या मनात सगळी जमात उभी राहते आणि ते वाचणाराही यहुदी शिष्यच लिहीत होता हे मागे पडते. आमच्या धर्मगुरूंनी पवित्र सप्ताहाच्या प्रवचनात याविषयी दोन वाक्ये तरी बोलावीत असे आम्हाला वाटते.

आपला 'यहुदी' हा शब्द कोठून आला? तो अरबी-फारसीच्या वाटेने आला, आणि या वाटेवर त्याची मोडतोड फारशी झाली नाही. हिब्रू 'येहुदी' आणि मराठी 'यहुदी' यांत एका मात्रेचा फरक. इंग्रजी शब्दाला हिब्रू गाभा व जर्मानिक शेपूट आहे, आपला शब्द मात्र गाभ्यासह शेपटासह मूळचाच आहे. मराठी माणसाने 'ज्यू' म्हणण्याचा सोस का धरावा हे आम्हाला कळत नाही.

आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर त्यांचा 'जुदेऊ' हा शब्दही आला, आणि त्याच्याबरोबर त्याची दहशत. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सक्तीने ख्रिस्ती झालेल्या यहुदी घराण्यातला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. तो १५६८मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, ती गुप्तपणे यहुदी धर्म पाळते या आरोपावरून, गोव्यात जाळण्यात आले आणि १५८०मध्ये खुद्द त्याची हाडे थडग्यातून काढून जाळली गेली. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचे वैभव शोधणाऱ्यांनी ही नोंदही वाचावी.

त्याच कोकणात, थोडे दक्षिणेला, अलिबाग-पेण-रोहा परिसरात, यहुद्यांचा एक समाज तेव्हाही नांदत होता आणि त्याला कोणी जाळले नाही. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बैल सोडून देत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. इंग्लंडच्या भाषेने यहुद्याला त्याच्याविषयीच्या भयावरून ओळखले. कोकणच्या मराठीने त्याला त्याच्या सुटीच्या वारावरून ओळखले. शेजार असला म्हणजे शब्द असा घडतो. स्वतःला ते बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवीत. आडनावे मात्र पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले.

१९४८नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे त्यांच्यापुढे उभा राहिला तो याच विशेषणाचा प्रश्न. धर्मपीठाच्या १९६२मधील आदेशाप्रमाणे त्यांच्याशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असे ठरले; म्हणजे ही मंडळी पुरेशी यहुदी आहेत किंवा नाहीत याविषयीच शंका घेण्यात आली. शेकडो वर्षे एकट्याने शनिवार पाळणाऱ्यांना हे लागले. मराठी बोलणारी ही माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. अखेर १९६४च्या ऑगस्ट महिन्यात इस्राएलच्या संसदेत, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत आणि त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत असे जाहीर झाले, आणि त्यानंतर तो आदेशही बदलण्यात आला. आपल्याकडे राहिलेल्या काही हजार यहुद्यांना महाराष्ट्र शासनाने २०१६मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे गेलेल्यांनी इस्राएलमधून मराठी नियतकालिक काढले, त्याचे नाव 'मायबोली'.